मधल्या शहरातला फोन

१

माणूस नेमका कधी गेला, हे त्यालाच विचारता आलं असतं तर माझ्यासारख्या म्हाताऱ्या डॉक्टरणीला कोणी जिने चढायला लावले नसते.

नर्सबाईंचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत पाय वर करून बसले होते. उन्हं कलायला लागली होती. "बाई, लवकर या. माई उठत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. आयुष्यभर आजाऱ्यांचं केलेली बाई जेव्हा "उठत नाहीत" म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ विचारायचा नसतो. मी बॅग उचलली, पण ती उघडावी लागणार नाही हे मला ठाऊक होतं.

माई माझ्या पेशंट, आणि खरं सांगायचं तर मैत्रीणही. दोन वर्षांपासून त्यांचं हृदय कसंबसं रेटत होतं. घरात त्या आणि त्यांची लेक, जिला अख्खी इमारत ताई म्हणते. ताईने लग्न केलं नाही, आईचं केलं. इतकी वर्षं एका घरात राहून दोघींचा आवाजही एक झाला होता. मागच्याच महिन्यात मी फोन केला आणि म्हणाले, "काय माई, आज आवाज खणखणीत?" तर पलीकडून उत्तर आलं, "डॉक्टरबाई, मी ताई." असं माझं तिसऱ्यांदा झालं होतं.

मी पोचले तेव्हा ताई घरात नव्हती. धाकटा भाऊ परदेशातून येत होता, त्याला आणायला ती विमानतळावर गेली होती. नर्सबाई दाराशीच उभ्या होत्या, ओठ पांढरे पडलेले.

माईंची खोली नेहमीसारखी नीटनेटकी. पडदे ओढलेले, पांघरूण छातीपर्यंत सारखं केलेलं, केस विंचरलेले. मी मान तपासली, पापण्या उलटून पाहिल्या, उशीही हातात घेऊन पाहिली. स्वभाव संशयी आहे माझा, त्याला इलाज नाही. पण तसलं काही नव्हतं. रेटता रेटता हृदय थांबलं होतं, बस. मला रडू आलं, ते मी आल्या पावली आवरलं.

मग मी त्यांचा हात उचलायला गेले आणि तो उचलला जाईना. जबडा ताठ, मान ताठ, गुडघे ताठ, पायाची बोटंसुद्धा वळेनात. प्राण गेला की शरीर वरून खाली, हळूहळू आखडत जातं. पायाच्या बोटांपर्यंत पोचायला त्याला दहा-बारा तास लागतात. माई दुपारी गेल्या नव्हत्या. त्या पहाटेच गेल्या होत्या.

"नर्सबाई," मी विचारलं, "माई शेवटचं कधी बोलल्या?"

"साडेदहाला, बाई. चांगल्या बोलत होत्या. मी माझ्या कानांनी ऐकलं."

२

बाहेरच्या खोलीत तोवर मामा येऊन ठाकले होते. मामा म्हणजे माईंचे भाऊ, राहायला याच इमारतीत, दोन मजले खाली. मनाने वाईट नाहीत, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि दुःख झालं की त्यांना ओरडायला कोणीतरी लागतं. आज समोर नर्सबाई होत्या.

"दिवसभर दाराबाहेर बसून होत्या ह्या," मामा म्हणाले. "आत डोकावल्या नाहीत. दुपारचं औषध नाही. माझी बहीण आत तडफडून गेली आणि बाई इथे खुर्चीवर. मी ब्युरोत तक्रार करणार आहे, आणि तिथे ऐकलं नाही तर पोलिसांत."

ब्युरो म्हणजे घरोघरी नर्स पाठवणारी ती संस्था. तिथे अशी एक तक्रार गेली की नाव कापलं जातं, आणि मग कोणी दारात उभं करत नाही. पण नर्सबाईंना त्याचीसुद्धा शुद्ध नव्हती. मी त्यांना गॅलरीत नेलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"बाई, एकच सांगा. मी आत गेले असते तर त्या वाचल्या असत्या?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांचा विश्वास बसला नाही. कसा बसणार? त्यांनी आवाज ऐकला होता.

मी त्यांना म्हटलं, सगळं पहिल्यापासून सांगा, रडणं नंतर. त्यांनी सांगितलं. सकाळी आठला त्या नेहमीसारख्या आल्या, तर ताई दारातच तोंडावर बोट ठेवून उभी. रात्रभर माईंना झोप नाही, आत्ता कुठे डोळा लागलाय, आज आत जाऊच नका, औषध मी देते, तुम्ही बाहेर बसा. नर्सबाई बसल्या. ताई मधून मधून आत जाई आणि दार लावून घेई. साडेदहाच्या सुमाराला ताईचा फोन वाजला, ती आधी गॅलरीत जाऊन हळू बोलली, मग तो घेऊन आत गेली, दार लावलं आणि मग माईंचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण आवाज त्यांचाच.

"आत ताई काय बोलली?"

"ताई? आत ताई काही बोलल्या नाहीत. आवाज एकट्या माईंचाच होता."

चारला ताई विमानतळावर निघाली. मी येईपर्यंत उठवू नका, असं बजावून गेली. पण झोपून असलेल्या पेशंटची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसभर कूस बदलली गेली नाही हे नर्सबाईंच्या मनाला टोचत होतं. शेवटी न राहवून त्या आत गेल्या.

"हे तुम्ही मामांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, ताई असं का सांगेल? स्वतःची चूक तिच्यावर ढकलू नका."

मी परत माईंच्या खोलीत गेले. का गेले ते मलाही कळत नव्हतं. खाटेजवळच्या टेबलावर पाण्याचा पेला, चष्मा, आणि कानाच्या यंत्राची छोटी डबी. माईंना यंत्राशिवाय तोफ उडाली तरी ऐकू येत नसे. रात्री नर्सबाई जाताना यंत्र काढून डबीत ठेवत, सकाळी आल्यावर कानात घालत. मी डबी उघडली. यंत्र आत होतं. त्याचा सेलही काढून शेजारी ठेवलेला, काल रात्री नर्सबाईंनी ठेवला तसाच.

साडेदहाला माई फोनवर बोलल्या म्हणे. मग त्यांनी ऐकलं कशाने?

३

अंधारायच्या आधी ताई आणि बाबू आले. बाबू म्हणजे धाकटा. आता केस पांढरे व्हायला लागले आहेत, तरी बाबूच. ते गाडीत असतानाच मामांनी फोन करून त्याला सांगितलं होतं, हे सांगायला नकोच.

बाबूने पिशवी दारात ठेवली, आत गेला आणि खाटेशेजारी जमिनीवर बसला. आईच्या पायांवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. ताई त्याच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. ती आईकडे बघत नव्हती. तिचे डोळे भावावर होते, जणू तो उठून पळेल.

या घराची एक जुनी जखम आहे, ती इथे सांगावी लागेल. त्या दूरच्या शहरातून इथे यायचं तर मध्ये एका तिसऱ्या शहरात विमान बदलावं लागतं. तिथून इकडे जेवढं अंतर, तेवढंच उलट तिकडे, सहा-सहा तास. अण्णा, म्हणजे बाबूचे वडील, आजारी पडले तेव्हा बाबू असाच निघाला होता. मधल्या शहरातून त्याने फोन केला, तर ताई म्हणाली, अण्णा झोपलेत. मामा शेजारीच होते, त्यांनी फोन ओढून घेतला आणि सांगून टाकलं, अण्णा गेले. बाबू पुढच्या विमानात बसलाच नाही. तिथूनच मागे फिरला. नंतर लाजेने असेल, दुःखाने असेल, तो अनेक वर्षं आला नाही. माईंनी त्याला बोल लावला नाही. फक्त एक नियम घालून दिला: वाटेवरच्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. कोणी बाजारात गेलं असलं तरी घरी येऊन पाणी पिईपर्यंत त्याला काही सांगत नसत.

बाहेरच्या खोलीत मामा पुन्हा सुरू झाले. ताई हळूच म्हणाली, "मामा, मीच सांगितलं होतं त्यांना, झोपू दे म्हणून."

"झोपू दे म्हणजे मरू दे नव्हे," मामा म्हणाले.

नर्सबाईंनी मान आणखी खाली घातली. ताईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बाबूकडे पाहिलं आणि मिटलं.

मी बाबूला विचारलं, "तू कधी बोललास माईंशी?"

"मधल्या शहरातून," तो म्हणाला. बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता. "विमानात बसायच्या आधी. इथले साडेदहा वाजले असतील. चांगली बोलली ती."

"बघा," मामा म्हणाले. "साडेदहाला धडधाकट होती."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, सहाच तास राहिलेत आता, बाबू. बैस विमानात आणि सरळ घरी ये."

मला एकदम माईंचं हसणं आठवलं. त्यांना मी कितीदा विचारलं असेल, मुलगा किती लांब असतो हो? त्या कधी मैल सांगत नसत, तास तर मुळीच नाही. म्हणत, "दोन जेवणं आणि एक झोप." बाबूने एकदा सांगितलं होतं की विमानात दोनदा जेवायला देतात आणि मध्ये दिवे घालवतात, तेव्हापासून त्यांचं अंतर मोजायचं माप ते. मधल्या शहरापासून इथवर म्हणजे एक जेवण. तास त्यांनी कधी मोजले नाहीत. म्हणायच्या, मोजले की वाढतात.

तिकीट काढणारी आणि विमानांच्या वेळा तोंडपाठ असलेली व्यक्ती या घरात एकच होती.

"ताई," मी म्हटलं, "मला जरा पाणी हवंय. आत चल."

४

स्वयंपाकघरात ताईने पेला धुतला, पुसला आणि पुन्हा धुवायला घेतला. मी नळ बंद केला.

"माई पहाटे गेल्या," मी म्हणाले. "माझ्याशी वाद घालू नकोस, शरीर खोटं बोलत नाही. कानातलं यंत्र काल रात्रीपासून डबीत आहे. नर्सबाईंनी एकच आवाज ऐकला, आत माणसं मात्र दोन होती. आणि माईंनी उभ्या जन्मात कधी 'सहा तास' म्हटलं नाही. मी स्वतः तीनदा फसलेय तुझ्या आवाजाला. आता तूच सांग."

ती ओट्याला धरून खाली बसली. एवढ्या मोठ्या बाईला असं जमिनीवर बसलेलं पाहून माझा राग पातळ झाला.

"रात्री तिला कळलं होतं," ताई म्हणाली. "म्हणाली, मी थांबत नाही बहुतेक. पण त्याला वाटेत सांगू नकोस, तो परत फिरेल. घरी आणून मग सांग. पहाटे गेली. शांत गेली, डॉक्टरबाई. मी केस विंचरले आणि विचार करत बसले, दिवसभर कसं लपवू? मामाला कळलं की त्याला कळलंच. म्हणून दार लावून घेतलं."

"आणि फोन?"

"मी त्याला म्हटलं, झोपलीय ती. तर म्हणाला, मागच्या वेळी अण्णांचंही असंच म्हणाला होतात. तिला दे, नाहीतर मी इथूनच परत जातो." तिने पदराने तोंड पुसलं. "मग मी काय करणार? आत गेले, तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात धरला आणि बोलले. तिचा हात तेव्हाच गार होता. बोलता बोलता मला खरंच वाटलं, तीच बोलतेय."

असल्या गोष्टींवर बोलायला मला कोणी शिकवलेलं नाही.

"आणि बाहेर बसलेल्या बाईचं काय?"

"तो आला की सगळं निस्तरणार होते. पण मामाने आधीच आरडाओरडा केला आणि बाबू सगळ्यांसमोर म्हणाला की तो तिच्याशी बोलला. आता त्याच्यासमोर कसं सांगू? तेवढंच तर आहे त्याच्याकडे. इतक्या वर्षांनी आई त्याला ये म्हणाली, एवढंच. ते पण काढून घेऊ?"

"ताई, तो साडेदहाचा आवाज खरा मानला तर नर्सबाई दोषी ठरतात."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सकाळपासून मला तेच दिसतंय. पण मला सांगता येत नाही हो."

५

मी बाहेर आले तर बाबू जिन्यात उभा होता. मलाच गाठायला थांबला होता.

"डॉक्टरबाई, ताईने सांगितलं ना तुम्हाला?"

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"मला तिथेच कळलं होतं," तो म्हणाला. "माईला ऐकू यायचं नाही. फोनवर प्रत्येक गोष्ट ती दोनदा विचारायची आणि ओरडून बोलायची. आज तिने सगळं एका झटक्यात ऐकलं. हळू बोलली. मी फोन ठेवला आणि तिथल्या खुर्चीवर बसलो. मला कळलं की माई गेली."

"आणि तरी विमानात बसलास?"

"मागच्या वेळी वाटलं होतं, अण्णा गेले, आता कोणासाठी जायचं? ह्या वेळी वाटलं, ताई एकटी त्या खोलीत बसून माझ्यासाठी आईचा आवाज काढतेय. आता तरी जायला हवं." "तिला सांगू नका मला कळलंय म्हणून. तिला वाटू दे की तिने मला फसवून आणलं. म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणतोय, माईशी बोललो म्हणून. तिचं खोटं उघडं पडू नये."

मला त्या दोघांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. मी त्याला दंडाला धरून घरात आणलं.

"तुम्ही दोघं एकमेकांना जपताय," मी म्हणाले, "आणि मधल्या मध्ये ती बाई मरतेय. ती आयुष्यभर रोज रात्री तेच दार उघडत बसेल. तिने काय पाप केलंय?"

बाहेरच्या खोलीत मामा हातात फोन घेऊन ब्युरोचा नंबर शोधत होते. नर्सबाई आपली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी दार लावलं आणि मुद्दाम त्यांच्याकडे बघून बोलले.

"माई पहाटे गेल्या. तुम्ही ह्या घरात पाऊल टाकायच्या आधी. मी तसंच लिहून देणार आहे, आणि कोणाला पटत नसेल तर दुसरा डॉक्टर बोलवा, तोही हेच सांगेल."

मामांनी फोन खाली केला. नर्सबाईंनी मान वर केली, आणि मला भीती होती तेच विचारलं. "मग तो आवाज, बाई?"

बाबू जमिनीकडे बघत होता. मी ठरवलं होतं की मी सांगणार नाही, माझा तो हक्क नाही. पण फार वेळ लागला असता तर मी सांगितलंच असतं.

"माझा होता," ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, उभ्यानेच, एकही गोष्ट न गाळता. नर्सबाई ऐकता ऐकता रडायला लागल्या. "दिवसभर बसवलंत हो मला त्या दाराबाहेर," त्या म्हणाल्या, "मी पाय न वाजवता चालत होते, त्यांची झोप मोडेल म्हणून." ताईने त्यांचे दोन्ही हात धरले. माफी मागितली ती शब्दांत नीट जमली नाही, पण नर्सबाईंनी हात सोडवून घेतले नाहीत.

मामा म्हणाले, "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू त्याला सांगितलं असतंस, मामा."

मामांनी हातातला फोन खिशात टाकला. त्यांच्याही मनात ते मधलं शहर इतकी वर्षं होतंच, हे मला त्या क्षणी कळलं. नर्सबाई निघाल्या तेव्हा ते उठले, नको नको म्हणत असताना त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांना खालपर्यंत सोडायला गेले. जिन्यात त्यांच्या बोलण्याचा आवाज आला, पण चढा नव्हता.

मी टेबलाशी बसून कागद भरायला घेतला. खरं तर उठून जायला हवं होतं, पण माझेही पाय उचलत नव्हते. ताई भावासमोर येऊन उभी राहिली.

"बाबू, मी तुला फसवलं."

"मला माहीत होतं, ताई."

"केव्हापासून?"

"तू पहिलं वाक्य बोललीस तेव्हापासून."

"मग परत का नाही गेलास?"

तो लहान मुलासारखा तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला, आणि दिवसभरात पहिल्यांदा मोठ्याने रडला. तीही रडली. मी लिहायचं थांबवलं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, एकदा परत म्हण ना. तसंच. ये म्हणून."

ताईने डोळे पुसले, घसा साफ केला. "बाबू," ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा म्हणाली. दोन्ही वेळा आवाज तिचाच होता, रडून बसलेला, थकलेल्या बाईचा. माईंचा त्यात कणभरही नव्हता.

"नाही येत रे आता," ती म्हणाली. "तेव्हा कसा आला, काय माहीत."